तांडेलांची फळी

शुद्धलेखन चुकलं, शब्द साधे वाटले तर माफ करा. पण राग अजून गेलेला नाही.

मी सबनीससाहेबांच्या बोटीवरचा खलाशी. साहेबांनी आपल्या जुन्या शिडाच्या बोटीत एसी बसवला. त्यासाठी बोट हाकणाऱ्या म्हाताऱ्या धर्मा तांडेलांची झोपायची फळीच उखडली. मी कुरकुरलो, तर म्हणाले, "समुद्रावर वाऱ्याला काय तोटा? म्हाताऱ्याला वर डेकवर झोपव!"

दवात झोपून तांडेल खोकू लागले.

गोव्याच्या वाटेवर बंद केबिनमध्ये साहेबांना बोट लागली. ओकत ओकत वर आले आणि डेकवर खोकत पडलेल्या तांडेलांवर ओरडले, "ऊठ रे! मला वाऱ्यावर आडवं होऊ दे!"

मी कधी साहेबांना उलटून बोलत नाही. त्या दिवशी बोललो.

"साहेब, वाटणी तुम्हीच केलीत. गारवा तुमचा, वारा तांडेलांचा. वारा हवा असेल, तर आधी त्यांची फळी परत द्या."

"दिली रे बाबा, दिली!" साहेब पोट धरून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसी काढला आणि तिथं तांडेलांची फळी ठोकली.