सगुणाच्या झऱ्याचा उत्सर्ग

“पोर गुणाची आहे हो, पण आड आटलाय. पिणारं एक तोंड तरी कमी करा. धाडून द्या तिला डोंगरापलीकडे, कुणाच्या तरी घरी कामाला!”

दाराआड काकू काकाला सांगत होती. दाराच्या अलीकडे सगुणानं आपलं इवलंसं तोंड घट्ट मिटून घेतलं. जणू तेवढ्यानं ते कमीच होणार होतं! आईबाप नसलेल्या सगुणाला हेच एक घर होतं.

ती गुपचूप परसात गेली. तिथे एकुलतं एक डाळिंबाचं झाड मान टाकून उभं होतं. सगुणानं आपल्या वाट्याचं गडूभर पाणी त्याच्या मुळाशी ओतलं. आणि काय सांगू! फांदीवरची लालचुटुक कळी पटकन उमलली, नि आतून अंगठ्याएवढी परी बाहेर आली! डाळिंबफुलाचा घोळदार झगा, चतुराचे झुळझुळीत पंख, केसांत दवाचे चमचमते मणी!

“माग, बाळे, काय हवं ते!”

“पाणी,” सगुणा पुटपुटली.

“दिलं! पण अट आहे हं. पहिला घोट घेण्याआधी पाण्याचा उत्सर्ग करायचा.”

“म्हणजे काय गं, परीताई?”

“म्हणजे सोडून द्यायचं. जुनी माणसं तळं खणली की काठावर उभी राहून सांगायची, ‘हे पाणी मी सगळ्यांसाठी सोडलं.’ मगच ओंजळ भरायची. पण मोठ्यानं हं! मनातल्या मनात चालत नाही. सूर्य बुडायच्या आत सोडलं नाहीस, तर झरा जाईल.”

झाडाखालची माती थरथरली. बुडबुड, बुडबुड, आणि निळंशार पाणी उसळलं!

काकू धावत आली. “अगं बाई, पाणी! अहो, ती फळी आणा, झाका आधी! गावाला कळता कामा नये. सगू, माझी सोन्याची गं!”

घटकेत जास्तीचं तोंड सोन्याचं झालं!

काकानं फळी टाकली. पाणी वीतभर खाली गेलं.

“नीट झाका हो!”

काकानं वर दगड ठेवला. पाणी आणखी खाली गेलं. कुंपणापलीकडे म्हशी रेकल्या, रिकाम्या कळश्या घेतलेल्या बायका थबकल्या. सूर्य डोंगराला टेकला. गप्प राहिलं तर आपण सोन्याच्या. बोललं तर काकू डोंगरापलीकडेच धाडणार!

सगुणानं दगड ढकलला, फळी ओढली, आणि उंची कमी पडली म्हणून त्याच फळीवर चढून ओरडली, “हे पाणी मी सगळ्यांसाठी सोडलं! मुंग्यांसाठी, म्हशींसाठी, साऱ्या गावासाठी!”

धो धो! झरा काठोकाठ भरून वाहू लागला, डाळिंबावर शेकडो लालचुटुक कळ्या फुलल्या, आणि परी हसत हसत सोनेरी उजेडात विरघळून गेली. सारं गाव आत धावलं. काकाकाकू मात्र रिकामी घागर घेऊन भिंतीशी उभे, पुढे येववत नव्हतं.

सगुणानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि आता तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही.

“सगळ्यांसाठी म्हणजे तुमच्यासाठीसुद्धा. या, भरा घागर. आणि काकू, पिणारं ते एक तोंड आता इथेच राहणार आहे.”