अस्वलाचं नापास पांघरूण

फार पूर्वी रानात भरतकाम शिकवायचा मान सुगरणबाईंकडे होता. कापड हाती आलं, की बाई आधी ते उलटं करून बघत. मागे एक जरी गाठ दिसली, तरी नापास. बाईंचं स्वतःचं भरतकाम मात्र भिंतीवर, काचेच्या चौकटीत असे. त्याची मागची बाजू कुणीच पाहिली नव्हती.

एकदा वणव्यात घर गमावलेलं अस्वल आपलं पांघरूण घेऊन आलं. जळून पडलेल्या प्रत्येक भोकाभोवती त्यानं वेडंवाकडं फूल भरलं होतं.

"अरे, मागे गाठीच गाठी!" बाई ओरडल्या.

"हो बाई. पण हे भरायला लागल्यापासून मला झोप लागते."

"झोपेला मार्क नसतात," म्हणत बाईंनी पांघरुणावर खडूनं मोठ्ठं 'नापास' लिहिलं.

कापडावर खडूनं आखलेलं असलं, की त्यावर टाके घालायचे, हे बाईंनीच शिकवलेलं. अस्वलानं लाल दोऱ्यानं 'नापास' भरून काढलं, भोवती चार मोर नाचवले आणि पांघरूण आपल्या नव्या गुहेच्या दाराबाहेर टांगलं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा वर्ग ओस पडला. सगळं रान अस्वलाच्या दारात रांग लावून उभं होतं. "आम्हालाही नापास व्हायचंय!"

रांगेत सगळ्यांत शेवटी सुगरणबाई होत्या. पंखाखाली त्यांची ती चौकट होती, काच काढलेली.