कामाला गेलेला पट्टा

"म्हणजे महिनाभरात एकही नाही?" दिलावरचाचांनी विचारलं.

"एकही नाही," केतकी म्हणाली. "शून्य."

चाचा माळावरच्या पीराच्या ओट्यावर बसून लसूण सोलत होते. त्यांनी हातातली पाकळी सोलून ठेवली, दुसरी घेतली.

"शून्य म्हणजे चांगलं?"

"अहो चाचा, या शून्यासाठी वर्ष घातलंय मी!"

आता हे शून्य कसलं, ते सांगायला हवं. माळाखालच्या कारखान्यात पंपांचं ओतकाम चाले. तिथल्या संगणकात दोन कारभारी होते असं समजा. एक कामाचं बघायचा. किती ओतायचं, त्याला काय लागेल, ते कधी आणायचं, सगळी यादी त्याच्याकडं. दुसरा खर्चाचं बघायचा. कुणी पदरचे पैसे घालून काही आणलं, तर ते त्याला परत द्यायचे की नाही, हे तो ठरवायचा. दोघं एका घरात राहायचे, पण एकमेकांशी बोलायचे नाहीत.

केतकीनं त्यांना बोलतं केलं. आता कुणी खर्चाचा अर्ज केला, की दुसरा पहिल्याला विचारी, "तुझ्या यादीत हे आहे का?" असलं तर पैसे मिळत. नसलं तर अर्ज माघारी, आणि केतकीच्या पडद्यावर लाल खूण.

"पहिल्या महिन्यात एकवीस अर्ज माघारी गेले," केतकी सांगत होती. "मग नऊ. मग चार. या महिन्यात यादीबाहेरचं कुणी काही मागितलंच नाही. लोक शिकले, चाचा."

चाचांनी त्याच कारखान्यात तीस वर्षं साचे भरले होते. केतकी नवीन आली, तेव्हा मुठीत वाळू दाबून तिचा ओलावा कसा ओळखायचा, हे तिला त्यांनीच शिकवलं. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारच्या सुट्टीत ती माळ चढून वर यायची. चांगलं झालेलं आधी त्यांना सांगायची.

"उद्या मालकांपुढं मांडायचंय. हे शून्य बघितलं, की त्यांच्या बाकीच्या तीन कारखान्यांचं काम माझ्याकडं येणार."

"वा," चाचा म्हणाले. "मग जेवूनच जा."

ते ओट्यामागच्या आपल्या खोलीत गेले. ताट घेऊन आले. ताटात वांग्याचं कालवण होतं, लसणाची चटणी होती. आणि भाकरीच्या जागी मूठभर ज्वारी होती. कच्ची, कोरडी.

"जेव."

"चाचा, हे दाणे आहेत."

"हो."

"भाकरी कुठंय?"

"हीच. मधलं तेवढं राहिलंय."

केतकीचा चेहरा उतरला. एवढ्या हौसेनं सांगायला आलो, आणि म्हातारा चेष्टा करतोय, असं तिला वाटलं.

"टोमणा मारताय मला?"

"नाही गं. तीन दिवस मी भातच खातोय. खाली सुभद्राक्काची गिरण बंद आहे. जरा विचारून येतेस, कधी चालू होणार? माझे गुडघे आज ऐकत नाहीत."

केतकी उठली. रागातच माळ उतरली.

गिरणीच्या दारात दळणाच्या डब्यांची रांग लागली होती. सुभद्राक्का पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या.

"दळण ठिवा खुशाल," त्या म्हणाल्या. "पण कधी मिळंल, तेवढं इचारू नगा."

"का हो? वीज नाही?"

"वीज हाय. पट्टा न्हाई. पट्टा कामाला गेलाय, कारखान्यात."

"कामाला?"

"व्हय. सोमवारी नवऱ्यासंगं गेला. नवरा सांजंला घरी आला, ह्यो तिकडंच ऱ्हायला. आन् पगारबी न्हाई त्येला." सुभद्राक्का खळखळून हसल्या.

केतकी हसली नाही. "तुमचे यजमान कोण?"

"दगडू सुतार. फिटर हायत."

केतकीला ते आठवले. तिच्या खोलीवरून जाताना मान खाली घालून नमस्कार करणारे. त्यांचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

"भट्टीला वारं घालतो त्यो पंखा हाय न्हवं? त्येचा पट्टा मागल्या म्हैन्यात तुटला," सुभद्राक्का सांगू लागल्या. "ह्यांनी पदरचे पैसे घालून आणला. तीनदा अर्ज केला, तीनदा माघारी. दिवाळीपतुर पट्टा लागायचा न्हाई, आसं लिवून आलं. आता त्ये पट्ट्याला कुणी सांगितलं न्हाई. त्यो सोमवारी परत तुटला."

"मग या खेपेला अर्ज…"

"मीबी त्येच म्हनलं. तर म्हनत्यात, नगं. ती संगणकाची पोर लई राबतीया. म्हैना सरंस्तवर तिच्या पडद्यावर लाल दिसाय नगं. आपल्या गिरणीचा पट्टा लावतो, मागनं बघू." त्यांनी सुपातला खडा वेचून टाकला. "गळ्यात कारखान्याचं कारड दिसतंय, तुमी तिकडंच असता न्हवं? वळखता का तिला?"

"ओळखते."

"गुणाची असंल."

केतकी माळ चढून वर आली. सावकाश आली. ताट तसंच होतं. ती त्याच्या शेजारी बसली.

चाचांनी तांब्या पुढं सरकवला.

"ते शून्य खोटं आहे, चाचा."

"खोटं कसं? कुणीतरी पोटाला चिमटा घेऊन दिलंय तुला."

केतकीनं तोंड फिरवलं. खाली कारखान्याचं धुराडं दिसत होतं. पंखा चालू होता. इथवर त्याची घरघर ऐकू येत होती.

"आणखी किती जणांनी असं केलं असेल?"

"मला काय ठाऊक? मी तर वर बसतो."

केतकीनं पिशवीतून उद्याचा कागद काढला. शून्य मोठ्या अक्षरात छापलेलं होतं. तिनं पेननं ते खोडलं आणि वर दोन शब्द लिहिले.

चाचांना वाचता येत नव्हतं. "काय लिहिलंस?"

"माहीत नाही, असं लिहिलं."

"बरं."

"आत्ता जाताना नवा पट्टा घेते. दगडूमामांना भेटते. मग एकेकाला विचारत फिरेन. मालकांना काय ते उद्या सांगेन." तिनं कागदाची घडी घातली. "तीन कारखाने जातील, चाचा."

"जातील."

त्यांनी ‘नाही जाणार’ म्हणावं, असं तिला फार वाटलं. ते म्हणाले नाहीत. तिच्या डोक्यावर मात्र हात ठेवला. लसणाचा वास येणारा, खरखरीत हात.

केतकीनं डोळे पुसले.

"मग संगणकातल्या त्या दोन कारभाऱ्यांची जोडणी तोडून टाकू का? आज संध्याकाळीच तोडते."

"तोडू नको, पोरी," चाचा म्हणाले. "यादीत काय राहिलंय, त्याचं आता कुठं तुझ्या हाताला एक टोक लागलंय."