बुचावरचा रंग

“मग हवा जाते कुठे, चाचा?”

निनाद हे तिसऱ्यांदा विचारत होता. अब्बासचाचा आपल्या दुकानात चहा पीत होते. मूर्तींना रंग मारायचे कॉम्प्रेसर दुरुस्त करण्यात सगळ्या पेणमध्ये त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि निनाद त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. पोरगा हुशार. ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

समोर त्याच्या वडिलांचा, शशीदादांचा कॉम्प्रेसर होता. घराच्या पडवीत मावेल एवढाच. दादांना जाऊन सात वर्षं झाली. मी शेजारचा, कॉम्प्रेसर उचलायला हात लावला म्हणून सोबत आलेला.

“व्हॉल्व्ह बदलला. रिंग बदलली. सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक बुडबुडा नाही. तरी तासाभरात काटा शून्यावर. सगळे म्हणतात, भंगारात दे. मी देणार नाही.”

“का?”

“बाबांचा आहे. दर खंडेनवमीला धुऊनपुसून नवा रंग देतो. हार घालतो. इतकं कोण जपतं?”

“दिसतंय...”

चाचांनी उरलीसुरली हवा सोडून दिली आणि कॉम्प्रेसर आडवा केला. स्क्रूड्रायव्हरने टाकीचा तळ खरवडायला लागले. चंदेरी रंगाचा पापुद्रा निघाला. त्याखाली दुसरा. मग तिसरा. सातव्या थराखाली पितळेचं बूच निघालं, टाकीतलं पाणी सोडायचं.

“हे कधी उघडलंस?”

निनाद वाकून ते बूच पहिल्यांदाच बघावं तसं बघायला लागला.

मला मात्र आठवलं. हवेबरोबर टाकीत दिवसभर पाणी साठतं. दादा रोज दिवेलागणीला हे बूच सैल करायचे आणि ते पाणी फुस्स करून बाहेर पडायचं. तो आवाज आला की गल्लीतल्या आया हाका मारायला लागायच्या. आम्ही लगोरी अर्धवट टाकून पाय धुवायला पळायचो. त्या संध्याकाळी गेल्या त्या गेल्याच. दादांची फार आठवण आली.

चाचांनी बूच फिरवलं. गंजाचा तांबडा गाळ जमिनीवर सांडला. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक टाकीच्या तळाला लावून नुसतं दाबलं. ते आत गेलं.

“वेल्डिंग मारून घेतो,” निनाद घाईघाईने म्हणाला.

“हवेच्या टाकीला ठिगळ चालत नाही. फुटली तर तू जाशील. पंप ठणठणीत आहे, तो नव्या टाकीवर बसवू. ही भंगारात.”

“तुम्ही सांगताय हे? तुम्ही तर वाकडा खिळासुद्धा टाकत नाही.”

“नाही टाकत...”

निनाद टाकीवरून हात फिरवत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

“त्यांचं एवढंच होतं माझ्याजवळ. आता काय राहिलं, चाचा?”

चाचांनी बूच फडक्याने पुसलं आणि नव्या टाकीसाठी बाजूला ठेवून दिलं. पंप सोडवायला पाना निनादच्या हातात दिला.

“नव्या टाकीतलं पाणी त्यांच्यासारखं रोज सोड. वर्षाने हा प्रश्न उरला, तर ये.”