बशीएवढी तबकडी

लग्नाचा मांडव उतरवताना रिसॉर्टचे मालक दादासाहेब खोत यांच्या सुनेच्या नाकातली सोन्याची चमकी वाळूत पडली. हरवलेल्या वस्तू मेटल डिटेक्टरने शोधणारी द्वारका तांडेल आली. तिच्या यंत्राची बशीएवढी तबकडी बघून खोत हसले.

"माझ्या माणसाकडे परातीएवढी आहे, हातभर खोलचं सांगते. तू हरलीस तर या किनाऱ्यावर पुन्हा फिरकायचं नाही!"

मोठी तबकडी फिरली. एका वेळी मांडवाचे दहा खिळे तिच्याखाली येत आणि ती नुसती कोकलत राही. द्वारकाने मात्र एकेक खिळा वगळत वीत-वीत वाळू तपासली आणि चमकी सुनेच्या तळहातावर ठेवली.

"नशीब तुझं," खोत फणकारले. "शेवटी मोठं ते मोठंच!"

"मग दादासाहेब," द्वारका ताठ मानेनं म्हणाली, "उद्यापासून कान कोरायला फावडं घ्या."