कात्रीआधीचे आठ दिवस

काजूची झाडं बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एका डोंगरउतारावर किड्यांनी खोड पोखरलेलं काजूचं जुनं झाड होतं. फांद्या त्याला आजी म्हणत. एके सकाळी बागवाल्या आवडाबाईनं शेंड्याच्या कोवळ्या फांदीची सगळी पानं छाटली, देठ तेवढे ठेवले.

"आजी, मला बोडकं केलं आणि तू गप्प?" फांदी कडाडली.

"आठ दिवस थांब गं."

"थांब, थांब! दुसरं काही येतं का तुला?"

आठ दिवसांत फांदीच्या टोकाचा डोळा, म्हणजे नव्या पानांचा कोंब, टपोरा फुगला. मग आवडाबाईनं तिला कापून ओल्या फडक्यात आणि केळीच्या खोडाच्या सोपटात गुंडाळलं. ज्यांवर तिचं कलम बांधायचं, ती रोपं ओढ्यापलीकडे होती. ओढ्याला पूर आला आणि तीन दिवस वाट अडली. आता आपण वाळणार, असं फांदीला वाटलं. पण डोळ्यात साठलेला रस पुरला. पानं असती, तर त्यांनीच तो पहिल्या दिवशी संपवला असता.

पूर ओसरल्यावर रोपावर बांधलेलं कलम जगलं. पहिलं तांबूस पान फुटलं, त्याला स्वतःचा रस द्यावा लागला, तेव्हा फांदीला कळलं की पोखरलेल्या अंगातला उरलासुरला रस आजीनं त्या आठ दिवसांत तिला दिला होता. आजी तोवर कोसळली होती. आता आभार सांगायचे कुणाला?

काही वर्षांनी फांदीचं झाड झालं आणि तिच्याच शेंड्याची पानं छाटली गेली.

"आई, मला बोडकं केलं!" कोवळी फांदी ओरडली.

ओठांवर आलेलं 'थांब' आईनं गिळलं.

"ऐक, सगळं आधीच सांगते," ती म्हणाली, "तुझ्या पणजीपासून."