पाण्यातली चिमूट

कोंबड्या आपला कारभार आपणच पाहत, त्या काळची ही गोष्ट. दूरच्या रानात वैद्यकी शिकून कवडी नावाची तरुण कोंबडी घरी परतली. तिला वाटले होते, सगळ्या जणी अंगणात माती उकरत असतील. पाहते तर एकाच खुराड्यात पंखाला पंख घासत उभ्या!

"अशा दाटीत आजार पसरत नाही?" तिने विचारले.

"बाहेर हिंडलं की अंग झडतं," कारभारी तुरेकाका ऐटीत म्हणाले. "आणि आजाराचं म्हणशील, तर रोज सगळ्यांच्या पाण्यात कडू पाल्याची चिमूट टाकतो. आजारी असो वा नसो!"

त्याच दुपारी भुरीमावशीच्या पिल्लाने तापाने मान टाकली. मूठभर पाल्याचा रस पाजला, तरी ताप हटेना.

"रोज थोडा थोडा देऊन तुम्ही आजाराला हा पाला पचवायला शिकवलंत, काका," कवडी म्हणाली. तिने रानातून आणलेली एकुलती एक मुळी थोडी उगाळून पाजली. संध्याकाळी पिल्लू दाणे टिपू लागले.

"शाब्बास पोरी!" तुरेकाका आरवले. "उद्यापासून हीच मुळी सगळ्यांच्या पाण्यात!"

"आणि आजार हिलाही सरावला, तर माझ्या लेकराला काय उगाळून पाजू? तुमचा तुरा?" भुरीमावशी कडाडली. सारे खुराडे खो खो हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवडीने मुळी उंच वळचणीला खोचली आणि खुराड्याचे दार सताड उघडले.

"मुळी फक्त आजाऱ्याला. पाण्यात आजपासून नुसतं पाणी," ती म्हणाली. "चला बाहेर, ऊन पडलंय!"